उद्यमनगरात बनवून घेतलेला पेलेट ट्रॅप
पोरीच्या १० मीटर एअर रायफलच्या घरच्या प्रॅक्टिससाठी कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमधून ३ एमएम एमएस (माइल्ड स्टील) पत्र्याचा पेलेट ट्रॅप, म्हणजे निशाण्यामागे छर्रे अडवणारी पेटी, बनवून घेतला. वेल्डिंग दणकट आहे, पण पहिल्यांदा मागची प्लेट त्यांनी सरळ उभीच लावली आणि पहिलाच छर्रा टणकन वाजून निम्म्यापर्यंत परत आला, काळजात धस्स झालं हो! प्लेटची वरची कड पुढे झुकलेली पाहिजे, ४५ अंशात, मग शिसं चपटं होऊन खाली पेटीत पडतं. सांगितल्यावर लगेच बदलून दिली, जादा पैसे घेतले नाहीत. छर्रे फक्त शिशाचेच वापरा, स्टीलचे बीबी (गोल छर्रे) उसळतात. चष्मा घालाच, आणि नंतर हात साबणाने धुवा, शिशाची पूड लागते हाताला.