‘ययाती’ची जुनी पुठ्ठा बांधणीची प्रत : एका पावसाळ्यानंतर

नव्या पेपरबॅकच्या निम्म्या पैशात जुनी, कापडी कण्याची ‘ययाती’ मिळत असेल तर डोळे झाकून घ्यावी, हे मत उन्हाळाभर टिकलं. श्रावणात पहिल्या फर्म्यातली, म्हणजे एकत्र दुमडून शिवलेल्या पानांच्या पहिल्या गठ्ठ्यातली, दोन पानं सुटून हातात आली. कागद जुना आहे खरा, पण गुन्हेगार तो नव्हे. कुणीतरी कण्यात ओतलेला पांढरा गोंद हा खरा गुन्हेगार.

कादंबरीबद्दल इथे काही नाही, ती सगळ्यांनी वाचलेली आहे. प्रतीबद्दल बोलू.

‘पहिली आवृत्ती’ म्हणून जास्त भाव सांगितला होता. प्रकाशकाच्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड होता. पिनकोड देशात आला १५ ऑगस्ट १९७२ला, कादंबरी १९५९ची. भाव तिथल्या तिथे उतरला. वेष्टनावर साहित्य अकादमी आहे, ज्ञानपीठ नाही, म्हणजे प्रत बहुधा १९७४च्या आधीची. वाचनालयाचा शिक्का असेल तर त्यावर ‘बाद’ असा दुसरा शिक्का आहे का तेही बघावं; नसेल तर ते पुस्तक कुणीतरी परत केलेलंच नाही. गोदाकाठच्या जुन्या घरांतून आलेल्या गठ्ठ्यात खालच्या कडेला तपकिरी लाट दिसली की हात लावू नये. २०१६ आणि २०१९च्या पुरांनी बरीच कपाटं भिजवली आहेत.

आता गोंद. बांधणी मूळची शिलाईची: सोळा पानी फर्म्याच्या मध्यावर दोरा दिसतो, आणि तो अजून घट्ट आहे. फर्म्याचं पान दुमडीवर वाकायला हवं. गोंद मधल्या समासात तीन-चार मिलिमीटर शिरला की तेवढा पट्टा कडक होतो आणि पान गोंदाच्या कडेवर वाकतं. जुना आम्लयुक्त कागद तिथेच तुटतो. शिवाय हा गोंद एकदा वाळला की पाण्याने धड सुटत नाही, खेचला तर कागदाचा पापुद्रा घेऊन येतो. पिठाची खळ ओल्या फडक्याने सुटते. साध्या खळीने भागलं असतं, पण नाही!

शहरातल्या एका बाइंडरने उपाय सांगितला, ‘पाठ कापून गमबाइंडिंग करून देतो.’ म्हणजे धड असलेली शिलाई कापायची, समास आणखी पाच मिलिमीटर खायचा, आणि पुन्हा गोंदच लावायचा. वर त्याचे पैसे पुस्तकाच्या किमतीहून जास्त. नको.

घरचा उपाय स्वस्त आहे. एक भाग मैदा, पाच भाग पाणी, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायचं. कसर लागू नये म्हणून बाइंडर खळीत मोरचूद घालतात. ते विष आहे, घालायचं तर भांडं वेगळं ठेवा. पातळ हातकागदाची सेंटिमीटरभर पट्टी घ्यायची, तिचे तंतू पानाच्या उंचीच्या दिशेने हवेत, नाहीतर पान सुरकुततं. निम्मी पट्टी सुट्या पानाला, निम्मी शेजारच्या पानाला. खळ अगदी कमी. दोन्ही बाजूंना बटर पेपर ठेवून वर वजन. उन्हाळ्यात रात्रभरात वाळतं, पावसाळ्यात पुरता एक दिवस द्या. सेलोटेप अजिबात नको: त्याचा चिकटा पिवळा होऊन कागदात मुरतो.

प्लॅस्टिकचं घट्ट कव्हर मात्र पावसाळ्यापूर्वीच काढा. त्यात ओल कोंडते आणि कापडावर पांढरी बुरशी धरते. धरलीच तर कडक उन्हात ठेवू नका, पुठ्ठे वाकतात. सावलीत, पंख्याखाली पुस्तक उभं करून पानं उघडी ठेवायची आणि पूर्ण कोरडं झाल्यावर मऊ ब्रशने बुरशी घराबाहेर झाडायची.

पट्टी लावल्यावर मत पुन्हा बदललं आहे. शिलाई शाबूत असल्यामुळे बाकीचे फर्मे सपाट उघडतात, जे नव्या पेपरबॅकला जमत नाही. फक्त वाचायचंच असेल तर सावानाची (नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाची) वर्गणी भरा, पुस्तक विकत घेऊ नका. घ्यायचंच असेल तर दुकानात पहिला आणि शेवटचा फर्मा पुरता उघडा. आत चकाकणारी, नखाला टणक लागणारी रेघ दिसली तर सांगितलेल्या भावाच्या तिसऱ्या हिश्श्यावर अडून बसा.