सहा इंची डॉब्सोनियन दुर्बीण, दहा महिने वापरल्यानंतर (सातारा आणि माण)

2025 च्या जानेवारीत घेतली, आता नोव्हेंबर संपत आलाय, म्हणजे दहा महिने झाले. पहिल्याच आठवड्यात रिव्ह्यू लिहायचा मोह झाला होता पण थांबलो ते बरं झालं, कारण एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्याशिवाय दुर्बिणीचं खरं काय ते कळत नाही, आणि आपल्या साताऱ्याला पावसाळा म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

आधी वस्तू काय आहे ते सांगतो. 150 मिमी म्हणजे सहा इंचाचा आरसा, फोकल लेंग्थ 1200 मिमी, सोबत 25 आणि 10 मिमीचे दोन आयपीस (म्हणजे डोळा लावायची भिंगं, आकडा जितका लहान तितकं मोठं दिसतं) आणि नेम धरायला रेड डॉट फाइंडर. मोटर नाही, ट्रायपॉड नाही, सेल लागतो तो फक्त फाइंडरच्या लाल ठिपक्याला. खाली गोल फिरणारा लाकडी बेस, त्यावर तोफेसारखी चार फुटी नळी, हातानं धरायची आणि ढकलायची. जॉन डॉब्सन या माणसानं अमेरिकेत रस्त्यावरून येणाऱ्याजाणाऱ्यांना आकाश दाखवता यावं म्हणून स्वस्तातल्या सामानात ही पद्धत बसवली, आणि वापरताना ते जाणवतं, कुणीही दोन मिनिटांत शिकतं, माझी सात वर्षांची पुतणी माझ्यापेक्षा चटकन चंद्र धरते.

याच्या आधी मी ऑनलाईन एक छोटी घेतली होती, खोक्यावर 525 पट मोठं दिसेल असं छापलेलं. तसं काही नसतं हो. आरशाच्या किंवा भिंगाच्या दर इंचाला फार तर 50 पट, त्याच्या पुढं नुसतं धूसर मोठं दिसतं. आणि सहा इंचीलासुद्धा 300 कागदावरच, हवा थरथरत असते त्यामुळं बहुतेक रात्री मी 120 च्या वर जातच नाही. मुद्दा किती पट हा नसून उजेड किती गोळा होतो हा आहे. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली फार फार तर 7 मिमी उघडते, त्या हिशोबानं हा आरसा साडेचारशे पट जास्त उजेड गोळा करतो, आणि जे काय दिसतं ते त्याच्याच जोरावर दिसतं.

पहिली रात्र साताऱ्यात गोडोलीच्या गच्चीवरची. सेकंड शिफ्ट करून आलो, जेवण बाजूला ठेवलं आणि थेट गच्चीवर. गुरू तेव्हा रोहिणीच्या जवळ होता. 25 चा आयपीस लावला, फोकस फिरवला आणि एका रेषेत चार ठिपके, गुरूचे चंद्र. फोटो शंभर वेळा पाहिलेत, गॅलिलिओनं 1610 मध्ये हेच पाहिलं हेही शाळेत वाचलेलं, पण तो उजेड खरोखर तिथून निघून आपल्या डोळ्यात येतोय हे कळलं तेव्हा पोटात कसंतरीच झालं. खालून बायको हाक मारतीय, मी म्हणतोय तूच वर ये. 10 चा आयपीस लावल्यावर गुरूवरचे दोन पट्टे पण दिसले. मंगळ मात्र छोटा नारिंगी ठिपकाच, जानेवारीत तो पृथ्वीच्या जवळ होता तरी, त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

आता त्रास काय काय आहेत ते. एक म्हणजे वजन. सगळं मिळून 15-16 किलो, दोन फेऱ्यांत वर जातं, पण जिना अरुंद असेल तर नळी भिंतीला घासते, आमच्या जिन्याच्या कोपऱ्यावर तिचा डाग आहे. दुसरं म्हणजे पृथ्वी फिरते, आणि 120 पटीला गुरू दीड मिनिटात आयपीसच्या बाहेर जातो, मग परत ढकलायची. एकट्याला हे सवयीनं जमतं. पण दहा जणं रांगेत असली की प्रत्येकाच्या वेळेला परत धरून द्यावं लागतं. बरोबरचे आयपीस ठीकठाक आहेत, 25 चा चांगला, 10 चा जेमतेम, आणि कृत्तिका तर 25 मध्येही पूर्ण मावत नाहीत, म्हणून मी नंतर 32 चा घेतला आणि तोच आता सगळ्यात जास्त लावलेला असतो. डिलिव्हरीला खोकं एका कोपऱ्यात चेपलेलं आलं आणि बेसचा एक स्क्रू कमी होता, विकणाऱ्याला तीन फोन केले, शेवटी हार्डवेअरच्या दुकानात आठ रुपयांत मिळाला.

कोलिमेशनचं मात्र नीट वाचा. नळीच्या तळाचा मोठा आरसा आणि तोंडाजवळचा छोटा आरसा एका रेषेत असावे लागतात, ते जुळवणं म्हणजे कोलिमेशन. आमचं गाव माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढं, कोरेगाव-पुसेगाव करत जायचं. गाडीच्या मागच्या सीटवर नळी आडवी टाकून पहिल्यांदा नेली, मधल्या खड्ड्यांनी आरसा हलला, आणि रात्री बघतो तर प्रत्येक ताऱ्याला शेपूट. मला वाटलं आरसाच खराब निघाला, झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मागचे तीन स्क्रू थोडे थोडे फिरवत अर्ध्या तासात बसलं, आता पाच मिनिटांत होतं. नवीन माणसाला याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते आणि प्रत्यक्षात हे सायकलची चेन बसवण्यापेक्षा सोपं आहे. आता जाताना नळीखाली जुनी गोधडी घालतो.

बाकी तारे धुरकट दिसले तर आधी अर्धा तास थांबा. घरातनं काढलेला आरसा गरम असतो, थंडीत तो बाहेरच्या हवेइतका गार होईपर्यंत चित्र उकळत्या पाण्यासारखं हलतं. तेवढ्या वेळात डोळेही अंधाराला सरावतात. टॉर्चला लाल जिलेटिन कागद रबरबँडनं लावायचा, मोबाईल खिशात.

साताऱ्यातून काय दिसतं? चंद्र, ग्रह, मृगातला तेजोमेघ, हे गच्चीवरून मस्त. देवयानी दीर्घिका नुसता पुसट डाग. हायवेच्या बाजूचा उजेड वाढलाय, आणि मावळतीचं बरंच आकाश अजिंक्यताऱ्याच्या डोंगरामागं जातं. चाळकेवाडीच्या पठारावर एकदा नेली, अंधार भरपूर पण वारं इतकं की नळी स्थिर राहीना, पवनचक्क्या तिथं उगाच नाहीत. कासला रात्री जायचा विचार करू नका, ते जंगल आहे, गवे फिरतात, वनखात्याचे नियम आहेत.

खरी दुर्बीण मला कळली ती माणमध्ये. दुष्काळी भाग म्हणून आयुष्यभर नावं ऐकलेला आमचा तालुका, पाऊस कमी म्हणून पोरं पुण्या-मुंबईला गेली, आणि तेच कोरडं आकाश या कामाला सोनं आहे. एप्रिलमध्ये रात्री दहा-अकराला दक्षिणेकडं ओमेगा सेंटॉरी दाखवला सगळ्यांना. हा तारकागुच्छ म्हणजे साधारण एक कोटी तारे, 17 हजार प्रकाशवर्षांवर, आणि युरोपातल्या बहुतेक लोकांना तो घरून कधी दिसतच नाही कारण त्यांच्या क्षितिजाच्या वर येत नाही. आम्हाला शेताच्या बांधावरून दिसतो. नुसत्या डोळ्यांना धुक्याचा ठिपका, 32 मधून बघितलं तर जोंधळ्याचं पीठ सांडल्यासारखं, आणि नजर स्थिर केली की कडेचे दाणे वेगवेगळे होतात.

मग पाऊस. आपल्याकडं 7-8 जूनला मृग लागतो म्हणतो, म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात जातो, म्हणून तर त्या दिवसांत मृग आकाशात दिसत नाही. मृग लागला की दुर्बीण बंद आणि हिवाळ्यात मृग पूर्वेला वर आला की हंगाम सुरू, असं हे गणित आहे. यंदा मात्र मृगाची वाट न बघता मे महिन्यातच पाऊस आला. 20 मे ला जयंत नारळीकर सर गेल्याची बातमी आली, त्या रात्री काहीतरी बघावं असं फार वाटत होतं. खगोलशास्त्र मराठीत वाचायला मिळालं ते त्यांच्यामुळं, कोल्हापुरात जन्मलेला माणूस, पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली. आकाश सगळं भरून आलेलं, गच्चीवर खुर्ची टाकून नुसता बसलो.

त्या पावसात नुकसान पण झालं. बेस पार्टिकल बोर्डचा असतो हे मला माहीत होतं पण गच्चीवरच्या पत्र्याखाली ठेवला, तिथं शिंतोडे येत राहिले आणि एक कोपरा ब्रेडसारखा फुगला. आता सगळ्या कापलेल्या कडांना ऑईल पेंटचे दोन हात मारलेत, घेतल्या दिवशीच हे करायला पाहिजे होतं. आरशाला बुरशी येऊ नये म्हणून नळीत सिलिका जेलच्या पुड्या आणि दोन्ही टोकांना झाकणं. धूळ बसली तरी आरसा कापडानं पुसायचा नाही, कोटिंग जातं, थोडी धूळ असली तरी चित्रात फरक पडत नाही.

आणि एक ताकीद, सूर्याकडं चुकूनही वळवायची नाही. नळीच्या तोंडावर बसणारा खास सोलर फिल्टर नसेल तर डोळा एका क्षणात जातो. दिवसा लहान पोरं आसपास असतील तर झाकण लावूनच ठेवा.

पावसाळ्यातली एक संध्याकाळ मात्र लक्षात आहे. शुभांशु शुक्ला 25 जूनला अंतराळ स्थानकाकडं निघाले आणि 15 जुलैला परत आले, त्या दिवसांत मी दोन दिवस गावी होतो. मोबाईलवर वेळ बघून ठेवली होती. अंधार पडल्यावर ढगांच्या फटीतून ते स्पेस स्टेशन निघालं, लुकलुक नाही काही नाही, सरळ एक तेजस्वी दिवा सरकत गेला. याला दुर्बीण लागत नाही, तासाला 28 हजार किलोमीटर वेगानं जातं, नळीनं धरवणारच नाही. आजी अंगणात बाजेवर होती, म्हटलं आजी ते बघ, त्यात आपला माणूस आहे, लखनौचा. ती म्हणाली, "आरं, जेवला आसंल का त्यो?" आणि दिसेनासं होईपर्यंत हात जोडून बसली. 1984 ला राकेश शर्मा गेले तेव्हा माझे वडील शाळेत होते, ते रेडिओची गोष्ट सांगतात, मी आता ही सांगेन.

23 ऑगस्टला राष्ट्रीय अंतराळ दिन, चांद्रयान 3 उतरलं तो दिवस, म्हणून गावच्या शाळेत बोलावलं. नेमकी अमावास्या, त्यात वेळ दिवसाची आणि वर ढग. मग झाकण काढून पोरांना आरसा दाखवला, उजेड कुठून येतो, कुठं वळतो ते सांगितलं, आणि देवळाच्या कळसावर लावली. कळस उलटा दिसला! या प्रकारच्या दुर्बिणीत सगळं उलटंच दिसतं, आकाशात त्यानं काही बिघडत नाही. पण त्या उलट्या कळसासाठी पोरांनी दोन-दोनदा रांग लावली.

7 सप्टेंबरचं खग्रास चंद्रग्रहण, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी. अकरा ते साधारण साडेबारा चंद्र पूर्ण सावलीत. ढग येत-जात होते, एकदा तर पाऊण तास काहीच नाही, आणि पावणेबाराच्या सुमाराला मोकळं झालं तेव्हा तांब्याच्या जुन्या हंड्यासारखा रंग. पृथ्वीवरच्या सगळ्या सूर्योदय-सूर्यास्तांचा उजेड हवेतनं वळून तिथं पडतो म्हणून तो लाल. चुलत्यांच्या घरी वेध पाळलेले, कुणी जेवलं नव्हतं, तरी एकेक करून सगळे बाहेर आले.

शनीचं आधीच सांगून ठेवतो नाहीतर निराश व्हाल. यंदा मार्चमध्ये कड्यांची धार आपल्याकडं होती, आता नोव्हेंबरमध्येही कडी इतकी बारीक आहेत की गोळ्यातून सुई आरपार गेल्यासारखं दिसतं. दुर्बीण खराब नाही. दरवर्षी कडी उघडत जातील, 2032 च्या सुमारास पूर्ण पसरलेली असतील.

दिवाळीच्या आसपास लेमन धूमकेतू पण दिसला मावळतीला, 32 मधून हिरवट कापसाचा बोळा आणि एक हलकी शेपटी. हजार वर्षांहून जास्त काळानं येणारा पाहुणा, तो आता आपल्यापैकी कुणाला परत दिसणार नाही.

आणि त्याच सुट्टीत आजीला चंद्र दाखवला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, नजर चांगली आहे, पण वाकवत नाही. डॉब्सोनियनचा आयपीस नळीच्या बाजूला असतो, खुर्ची नीट लावली तर बसून बघता येतं, हे म्हाताऱ्या माणसांसाठी फार सोयीचं. पंचमीचा चंद्र होता. तिनं डोळा लावला आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "भाकरी करपल्यावाणी दिसतुया की रं." मी कडेचा मॅन्झिनस नावाचा खड्डा मधोमध आणला, जवळजवळ शंभर किलोमीटरचा, आणि म्हटलं याच्या जरा पलीकडं आपलं यान उतरलंय, विक्रम आणि प्रज्ञान तिथंच आहेत. यान काही दिसत नाही अर्थात, या दुर्बिणीत दोनेक किलोमीटरपेक्षा लहान काही कळत नाही. पण तिनं जागा बघून घेतली, परत परत चंद्र सरकायचा आणि परत परत ती म्हणायची, "लाव की रं पुन्यांदा."

कुणी घ्यावी? 35 हजारांच्या आसपास मला पडली. फोटोच काढायचे असतील तर ही नको, ती वेगळी आणि महाग वाट आहे, मोबाईलनं चंद्राचे बरे येतात तेवढंच. वर नेऊन ठेवायला जागा नसेल तर आधी चांगली बायनॉक्युलर घ्या. पण महिन्यातून दोनदा जरी अंधारात जाता येत असेल तर मोटरवाल्या छोट्या दुर्बिणीपेक्षा त्याच पैशात हा मोठा आरसा घ्या. आकाशाचा नकाशा दाखवणारं स्टेलॅरियम ॲप टाका, सुरुवातीला दर रात्री एकच नक्षत्र पाठ करा.

2026 च्या 10 जानेवारीला गुरू सूर्याच्या बरोबर समोर असेल, पुनर्वसूच्या जवळ, रात्रभर आकाशात. मी सुट्टी टाकलीय आणि बेस आजच गाडीत चढवून बघितला. आजीनं निरोप पाठवलाय की तिकांडं (मृगातले ओळीतले तीन तारे) डोक्यावर यायच्या आत ये, नंतर तिला झोप येते.