मुक्ता फॉन्ट वापरतोय, आणि त्याचं लायसन्सही वाचलंय

लग्नपत्रिका, मंडळाची पावतीपुस्तकं, दिवाळी अंकाची पानं, असली कामं करणाऱ्या सगळ्यांना सांगतो, मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता एकदा लावून बघाच. आधी हाच 'एक मुक्ता' नावाने मिळायचा. एक्स्ट्रा लाइट ते एक्स्ट्रा बोल्ड अशी ७ वजनं, म्हणजे अक्षरांच्या जाडीचे प्रकार, आहेत, बारीक साइजलाही वेलांट्या-मात्रा एकमेकांत घुसत नाहीत, 'दुसऱ्या'तला ऱ्य व्यवस्थित येतो आणि मजकुरात मध्येच इंग्रजी आलं तरी ते उपरं वाटत नाही. युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनवर अक्षरांचे तेच ठरलेले कोड, असल्यामुळे जुन्या फॉन्टसारखं दुसऱ्या मशीनवर फाइल उघडली की सगळ्याचं कडबोळं, असं होत नाही. इटॅलिक नाही, हे मात्र खटकतं, पुस्तकाच्या कामात तर फारच.

पण मला खरा आवडलाय तो याचा परवाना, एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स म्हणजे ओएफएल, त्याची १.१ आवृत्ती २००७ची. फॉन्ट घ्या, धंद्यात वापरा, आतली अक्षरं उघडून बदला, वाटा, फक्त नुसता सुटा फॉन्ट विकायचा नाही, सॉफ्टवेअरबरोबर दिला तर चालतो. आणि यातली शेअर-अलाईकची, म्हणजे 'जसं मिळालं तसंच पुढे द्या' ही अट अशी, की तुम्ही सुधारलेला फॉन्ट बाहेर वाटलात तर तोही ओएफएलखालीच द्यायचा, त्याला कुलूप लावायचं नाही. आपल्यापुरता बदलून स्वतःच्याच मशीनवर ठेवलात तर कोणी काही मागत नाही. मूळ करणाऱ्याने नाव राखून ठेवलं असेल तर सुधारलेल्याला दुसरं नाव द्यायचं, मला हे अगदी रास्त वाटतं, उगाच कोणाच्या चुका कोणाच्या नावावर नकोत.

आता बरेच जण विचारतात की मग माझी पत्रिका पण सगळ्यांना फुकट द्यायची का? अजिबात नाही! फॉन्ट वापरून केलेल्या कागदपत्रांना ही अट लागू नाही असं परवान्यातच स्पष्ट लिहिलंय, पत्रिका तुमची, लोगो तुमचा, खाली फॉन्टचं नाव छापायचीही सक्ती नाही. चित्रांचं मात्र वेगळं असतं हां, क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बीवाय-एसए या खुल्या परवान्याखालचं चित्र घेऊन त्यात फेरफार करून नवं चित्र प्रसिद्ध केलंत तर मूळ चित्रकाराचं नाव द्यायचं, बदल केलाय ते सांगायचं आणि नवं चित्रही त्याच किंवा त्याच्याशी जुळणाऱ्या परवान्याखाली खुलं करायचं. दोन्हीला शेअर-अलाईकच म्हणतात, पण अट कुठवर पोचते ते प्रत्येक परवान्यात बघावं लागतं.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. आणि एक विनंती, व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसती फॉन्टची टीटीएफ फाइल फॉरवर्ड करू नका, सोबतची ओएफएलची टेक्स्ट फाइलही पाठवा, कॉपीराइटची ओळ आणि परवाना प्रत्येक प्रतीबरोबर गेला पाहिजे ही अटच आहे.