आठ महिने नुसती शिकेकाई

मागच्या सप्टेंबरात मला डेंग्यू झाला. ताप आठवड्यात उतरला, पण डिसेंबरात केस गळायला लागले. उशीवर केस, न्हाणीघराच्या जाळीवर केस, एकदा तर मळलेल्या कणकेत केस. डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं, लोह कमी होतं त्याच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं की मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी असं होतं, मुळं शाबूत असतात, केस परत येतात. मला मात्र धीर धरवेना. जानेवारीत शांपू बंद केला आणि शिकेकाई सुरू केली. आठवड्यातून दोनदा, आजपर्यंत एकदाही खंड नाही.

सगळ्यात आधी विचारलं जातं तेच सांगते. गळणं मार्चपासून कमी झालं, मे महिन्यात कपाळाच्या कडेला बोटभर नवे केस दिसायला लागले. पण याचं श्रेय मी शिकेकाईला देणार नाही. ते तसंही थांबणारच होतं, आणि गोळ्याही चालू होत्या. गळतीवर उपाय म्हणून कोणी शिकेकाई घेणार असेल तर आधी रक्त तपासून घ्या.

माझे केस कमरेपर्यंत, टाळू तेलकट आणि टोकं कोरडी. सुरुवात तयार पुडीने केली आणि तिथेच फसले. पूड जाडसर होती. न्हाऊन केस वाळले की भांगात तपकिरी कण दिसायचे, थेट कोंड्यासारखे. वस्त्रगाळ असेल तरच पूड वापरावी, नाहीतर काढा करून गाळावा. मग मंडईजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानातून अख्ख्या शेंगा आणल्या. 'शिकेकाई दळून मिळेल' अशी पाटी आमच्या गिरणीवर आहे, पण मला काढाच बरा वाटतो.

एका न्हाण्याला आठ-दहा शेंगा, बिया काढून. दोन रिठे, तेही बी काढून. आवळकाठीचे चार तुकडे, अर्धा चमचा मेथी, नागरमोथ्याची एक गाठ ठेचून, कचोऱ्याची एक चकती. रात्री दोन तांबे पाण्यात भिजत घालायचं, सकाळी मंद आचेवर निम्मं होईपर्यंत उकळायचं. गॅससमोरून हलायचं नाही. शेंगेच्या सालीतलं आणि रिठ्यातलं सॅपोनिन फेस करतं, आणि तो फेस दुधासारखा वर येतो, पण उतू गेला की दुधापेक्षा जास्त चिकटतो. निवल्यावर हाताने कुस्करून जुन्या पंच्यातून गाळायचं.

भांडं स्टीलचंच घ्या. मी दुसऱ्या महिन्यात कोणाचं तरी ऐकून लोखंडी कढईत केलं. आवळ्याच्या तुरटपणाशी लोखंडाचा संयोग झाला आणि काढा शाईसारखा काळा. केसांना त्याने काही झालं नाही, पण पांढरा टॉवेल कायमचा गेला आणि फरशीच्या सांधी मी दोन दिवस घासत होते.

डोळ्यांत गेलं तर आग होते, रिठ्यामुळे जास्तच. मान मागे टाकूनच ओतायचं. तेलाचंही माप सांभाळावं लागतं. आदल्या रात्री चमचाभर खोबरेल लावलं तर स्वच्छ निघतं. अर्धी वाटी चोपडलं तर तीनदा काढा ओतूनही केस मेणचट राहतात. पहिले तीन आठवडे तसेही ते थोडे चिकट वाटतात, तेव्हा बऱ्याच जणी सोडून देतात. चौथ्या आठवड्यात माझ्या केसांचा पोत बदलला. शांपूने सुळसुळीत व्हायचे, आता हाताला भरीव लागतात आणि अंबाड्याची गाठ पिनेशिवाय राहते.

आणि वास. ज्यासाठी मी हे आता कधीच सोडणार नाही, ती गोष्ट हीच. ओल्या केसांना चिंचेच्या पाण्यासारखा आंबूस वास येतो, तो काही खास नाही. केस पूर्ण वाळले की तो जातो आणि खालून नागरमोथा वर येतो. मातीचा, किंचित कापरासारखा, थंड. संध्याकाळी वेणी सोडली की जास्त जाणवतो, कारण वेणीच्या पेडांत तो दिवसभर धरून राहिलेला असतो. शेवटच्या पाण्यात कधी वाळ्याची जुडी तासभर भिजवून घालते, त्या दिवशी उशीलाही वास लागतो. शांपूचा सुगंध खोलीत शिरताच लोकांना कळतो. हा जवळ आलेल्यालाच कळतो. माझी लेक भांगावर नाक ठेवून झोपते.

मार्चमध्ये गावी गेले, वेंगुर्ल्याकडे. सुरंगीच्या फुलांचे दिवस. मावशीने मला वळेसर, म्हणजे सुरंगीचा गजरा, माळला आणि म्हणाली, "आज बघ कसा ठरला, गेल्या वर्षी तुझ्या केसांतून घसरत होता." खरंच, दुपारपर्यंत हलला नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सुरंगीचा वास सुरंगीचाच आला. गेल्या वर्षी त्यात शांपूचं कसलंसं फळ मिसळलं होतं आणि मला दिवसभर कळत नव्हतं की नेमकं काय बिघडलंय. तो वळेसर सुकल्यावर मी रुमालात बांधून कपाटात ठेवला, अजून वास आहे.

पावसाळा मात्र जड गेला. एवढे केस वाळत नाहीत, आणि अर्धवट ओल्या केसांना शिकेकाईचा वास चक्क कुबट येतो. जुलैमध्ये दोनदा ऑफिसात मलाच लाज वाटली. मग न्हाणं रात्रीवरून पहाटे आणलं, आणि रविवारी निखाऱ्यावर चिमूटभर ऊद टाकून टोपलीवर केस पसरून धुरी घेतली. माझी आजी बाळंतिणीला तशी द्यायची. खिडक्या उघड्या ठेवा, आणि दम्याच्या माणसाच्या घरात हे करूच नका.

खर्च म्हणाल तर शांपूपेक्षा कमी, वेळ म्हणाल तर कितीतरी जास्त. काढा फ्रिजमध्ये तीन दिवस टिकतो, चौथ्या दिवशी आंबतो. प्रवासात मी वस्त्रगाळ पूड नेते. रंगवलेल्या केसांवर काय होतं ते मी स्वतः अनुभवलेलं नाही, पण माझ्या जावेची मेंदी छान टिकली आणि पार्लरमधला तांबूस रंग महिन्याभरात फिका पडला.

शेंगांचा डबा तळाला आलाय. या खेपेला कचोरा निम्मा करणार आहे, तो नागरमोथ्याला दाबतो, आणि गव्हला थोडा घालून बघणार आहे. दिवाळीच्या उटण्यात तो असतोच, डोक्याला कसा लागतो ते ऑक्टोबरच्या उन्हात केस वाळवून बघेन.