न्यूटच्या बुरशीवर मिठाचं पाणी की मिथिलिन ब्लू?

न्यूटच्या (सरड्यासारख्या दिसणाऱ्या, पाण्यात राहणाऱ्या उभयचराच्या) शेपटीवर किंवा जुन्या जखमेवर कापसासारखा पांढरा पुंजका दिसला, की बहुधा ती सॅप्रोलेग्निया ही पाण्यातली बुरशी असते. पाण्यात धागे सुटे होऊन हलतात, बाहेर काढलं की चिकटून बसतात.

मीठ हा माझा पहिला पर्याय. आयोडीन नसलेलं साधं मीठ, लिटरला दोन-तीन छोटे चमचे (टीस्पून), वेगळ्या भांड्यात. टाकीइतक्याच थंड पाण्यात दहा मिनिटं बुडवायचं, दिवसातून एक-दोनदा. पंधरा मिनिटांच्या वर अजिबात नको, कारण उभयचरांची त्वचा पाणी आणि क्षार थेट आत-बाहेर करते. तडफडायला लागला तर घड्याळ बघत बसू नका, लगेच गोड्या पाण्यात सोडा. पुंजका लहान असेल तर काही दिवसांत एवढ्यानंच गळून पडतो.

मिथिलिन ब्लू हे निळं औषधी रंगद्रव्य अंगभर पसरलेल्या बुरशीसाठी ठेवावं. ते सौम्य प्रमाणात तासन्‌तास चालतं, म्हणजे रोज दोनदा हाताळण्याचा ताण टळतो. पण मुख्य टाकीत ओतलंत तर फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरतात, अमोनिया चढतो, आणि टाकीच्या सांध्यांतलं सिलिकॉन निळं होतं ते वेगळंच. मात्रा पशुवैद्याकडूनच घ्या.

पाणी घाण किंवा कोमट असेल तर दोन्ही फुकट.

कापूस नाही, पण कात सारखी पडते, अंगावर व्रण आहेत, खाणं सुटलंय? मग कायट्रिडची, म्हणजे उभयचरांच्या त्वचेच्या घातक बुरशीरोगाची, शंका घ्या. तिथे दोन्ही घरगुती उपाय सोडून तपासणीच करायची.