छोटा सीबी सेट, आठ महिने, बेळगाव ते चोर्ला घाट

आमच्या दोन पिकअप आहेत, एक मी चालवतो आणि एक दाजी. भाजी भरून पहाटे बेळगावातनं निघायचं, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करत गोव्यातल्या साखळी गावाकडं उतरायचं, आठवड्याला चार-पाच फेऱ्या ठरलेल्या. कणकुंबी सोडलं की मोबाईलची रेंज जाते ती घाट उतरेपर्यंत धड येत नाही, आणि पावसाळ्यात तिथं धुकं असं बसतं की पुढच्या गाडीचे लाल दिवे पण दिसत नाहीत. मागच्या वर्षी दाजींचा टायर घाटात फुटला, मी खाली साखळीत पाऊण तास थांबलो, फोन लागेना, जीव नुसता टांगणीला लागलेला. घरात ताई मला विचारायली, कुठं आहेत ओ ते, आणि मला काय सांगता येईना. त्याच महिन्यात दोन सीबी सेट घेतले, म्हणजे सिटिझन बँडचे, गाडीतनं गाडीशी बोलायचे रेडिओ.

जागा कमी म्हणून सगळ्यात छोटा सेट घेतला, गिअरच्या पुढं बसतो, एएम, ४ वॅट. आपल्याकडचा नागरी बँड, म्हणजेच सीबी, २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ आणि ताकद ५ वॅटच्या आत, त्यामुळं सेटवर ४० चॅनल दिसत असले तरी पहिले २७च त्यात बसतात, २८ नंबर २७.२८५ ला आहे म्हणजे बाहेर गेला. आम्ही १४ वर असतो. घ्यायच्या आधी सेटची मान्यता आणि अँटेनाबद्दलच्या अटी नीट वाचून घ्या, हे आधीच सांगतो.

पहिले तीन महिने खरं सांगायचं तर वैतागलो होतो. एक वळण मध्ये आलं की अर्ध्या किलोमीटरवर नुसती खरखर. मला वाटलं डबा छोटा म्हणून ताकद कमी, आणि एका दुकानदारानं लगेच सांगितलं की वर अ‍ॅम्प्लिफायर बसवा. बसवू नका. एक तर ते मर्यादेच्या बाहेर, आणि हिशोब बघा, समोरच्या सेटच्या सिग्नल मीटरवर एक घर वाढवायला ताकद चौपट लागते, म्हणजे ४ चे १६ वॅट केले तरी मिळणार एक घर. एवढ्यासाठी पैसे घालायचे आणि वर कायद्याची भानगड.

दोष अँटेनाच्या बुडात होता. २७ मेगाहर्ट्झची लाट ११ मीटरची, तिचा पाव भाग घेतला तरी पावणेतीन मीटरचा रॉड पाहिजे, तेवढा कोण लावणार, म्हणून गाडीवर कॉइलवाला आखूड रॉड येतो, आणि रॉड आखूड झाला की गाडीचा पत्रा आणि अर्थ (अर्थिंग) यावरच सगळं अवलंबून. माझा ब्रॅकेट केबिनच्या मागच्या पाइपवर होता आणि त्या पाइपला रंगाचे तीन-चार थर! उद्यमबागेतल्या आमच्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियन मामांनी मल्टीमीटरचं एक टोक ब्रॅकेटला, एक बॅटरीच्या मायनसला लावलं तर काटा हललाच नाही. म्हणजे तीन महिने अँटेनाला अर्थच नव्हता. त्यांनी पॉलिश पेपरनं रंग घासून चकचकीत लोखंड काढलं, दातेरी वॉशर घातला, तांब्याच्या जाळीची पट्टी थेट चॅसीवर आवळली आणि वरनं ग्रीस चोपडलं, नाहीतर आपल्या पावसात महिन्यात गंज धरतो.

मग एसडब्ल्यूआर मीटर आणला, अँटेनाकडं पाठवलेल्यातलं किती परत येतं ते तो दाखवतो, आकडा १ च्या जवळ तेवढं चांगलं. शेडमध्ये मोजू नका, आम्ही पिरनवाडीच्या पुढं मोकळ्या रानात गाडी लावून दारं बंद करून मोजलं. आधी सगळ्या चॅनलवर ३ च्या वर होता, सगळीकडं सारखाच जास्त आला की अर्थ नाहीतर केबल बघायची. ३ म्हणजे पाठवलेल्यातला पाव भाग परत सेटकडं येतोय. अर्थ झाल्यावर १ नंबरवर २.४ आणि २७ वर १.७ आला, खालच्या चॅनलला जास्त म्हणजे रॉड आखूड पडतोय, म्हणून स्क्रू सैल करून टोक थोडं थोडं वर काढत गेलो, एका वेळी नखभर, शेवटी दोन्हीकडं १.४ च्या आसपास आलं. उलटं असलं तर रॉड आत घ्यायचा. ह्या कामाला घाई करू नका.

एवढं करून पण दाजींच्या गाडीत खरखर जाईना. पॉवर सिगारेट लायटरच्या सॉकेटमधनं घेतली होती ती काढून थेट बॅटरीवरनं घेतली, फ्यूज बॅटरीजवळच, त्यानं इंजिनबरोबर चढणारी शीळ गेली. उरलेली खरखर कशाची ते तीन फेऱ्या कळलं नाही. जांबोटीला चहाला थांबलो, दाजींनी मोबाईलचा चार्जर उपसला आणि सेट एकदम गप्प. शंभर-दीडशेचा चार्जर होता तो! म्हणून खरखर असेल तर सेटला दोष द्यायच्या आधी चार्जर, डॅशकॅम, एलईडी लाइट एकेक बंद करून बघा.

आता सपाटीला पाच-सहा किलोमीटर आरामात, घाटात डोंगर आडवा आला तर दीड-दोन. ह्याहून जास्त छोट्या अँटेनानं होत नाही आणि कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. कधी कधी दुपारी कुठल्यातरी परदेशी भाषेतलं बोलणं मोठ्यानं यायला लागतं, ते वरच्या वातावरणावरनं लाट परतून येते म्हणून, स्क्वेल्च (नको ते आवाज दाबायचं बटण) वाढवा, भागतंय.

सेटचा स्पीकर मात्र खरंच कमी आहे, खाली तोंड करून आहे आणि घाटात सेकंड गिअरला काही कळत नाही. ८ ओहमचा वेगळा स्पीकर डोक्याच्या मागं लावलाय. माइकमध्ये ओरडायचं नाही, चार बोटं लांब धरून सावकाश बोलायचं, ओरडलं की आवाज फाटतो.

परवा धुक्यात चोर्ल्याच्या वरच्या वळणावर ट्रक आडवा होता, दाजी पुढं होते. "सावकाश ये रे, उजवीकडनं जागा नाही, मी सांगतो तेव्हा सोड." एकेक शब्द कळला. मी मागच्या मागं थांबलो, माझ्या मागच्या चार गाड्या पण थांबवल्या. आता मे संपायच्या आत दोन्ही गाड्यांचा अर्थ परत घासून घेणार आहे आणि केबलच्या जोडावर नवीन टेप गुंडाळणार आहे.