लाल कोळ्यावर नीमतेल: काही महिन्यांच्या वापरानंतर

घरातल्या झाडांवरच्या लाल कोळ्यासाठी (पानांचा रस शोषणारी, बारीक जाळं विणणारी सूक्ष्म कीड) घाण्याचं कच्चं नीमतेल आणि पोटॅशियम साबण ही जोडी काही महिने सलग वापरून झाली. मत थोडक्यात सांगायचं तर तेल काम करतं. मात्र बाटलीवर लिहिलेलं 'पंधरा दिवसांतून एकदा फवारा' हे वेळापत्रक कोळ्यासाठी निरुपयोगी आहे. नीमतेलाला नावं ठेवणाऱ्या बऱ्याच लोकांचा घोळ तिथेच झालेला असतो.

कारण कोळ्याच्या आयुष्यात आहे. घरात सर्वाधिक आढळणारा कोळी म्हणजे टेट्रानिकस उर्टिसी, पाठीवर दोन गडद ठिपके असलेला, जेमतेम अर्धा मिलिमीटर. तीस अंशांच्या आसपास अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला त्याला साधारण आठवडा पुरतो, वीस अंशांना दोन आठवड्यांहून थोडा जास्त. मादीला नर भेटला नाही तरी ती अंडी घालते आणि त्यातून नर निघतात. म्हणजे एक मादी शिल्लक राहिली तरी वसाहत पुन्हा उभी राहते. शिवाय प्रत्येक कात टाकण्याआधी पिल्लं काही काळ निश्चल पडून राहतात. या अवस्थेत आणि अंड्यात त्यांच्यावर फवाऱ्याचा परिणाम कमी होतो. पंधरा दिवसांनी परत फवारलंत, तर मधल्या काळात एक अख्खी पिढी अंडी घालून मोकळी झालेली असते.

म्हणून उबदार घरात दर तीन ते चार दिवसांनी, थंड खोलीत पाच ते सात दिवसांनी, आणि एकूण किमान चार वेळा. तिसऱ्या फवाऱ्यानंतर झाड स्वच्छ दिसू लागतं आणि तिथेच माणसं थांबतात. चौथा चुकवू नका.

मिश्रण असं: एक लिटर कोमट पाणी, त्यात आधी २ मिली पोटॅशियम साबण, तो पूर्ण विरघळला की ५ मिली तेल, मग बाटली जोरात हलवायची. क्रम उलटा केला तर तेल वर तरंगतं, नळीत सुरुवातीला नुसतं पाणी चढतं आणि शेवटच्या चार फवाऱ्यांत शुद्ध तेल येऊन पानं जळतात. फवारताना दर मिनिटाला बाटली हलवावी लागते, एवढी कटकट आहेच. मिसळलेलं द्रावण त्याच दिवशी संपवा, उरलं तर फेका. नीमतेलातलं अझाडिरॅक्टिन, म्हणजे त्यातला कीटकनाशक घटक, पाण्यात टिकत नाही. गारठ्यात कच्चं तेल घट्ट होतं. अशा वेळी बाटली कोमट पाण्यात उभी करून ठेवली की मोकळं होतं.

पाणी जड असेल तर साबण क्षारांशी जुळून फुटलेल्या दुधासारख्या गुठळ्या धरतो. नोझल तुंबतं, आणि साबणाचा मारकपणाही जातो. पावसाचं किंवा फिल्टरमधून क्षार काढलेलं पाणी घ्यावं. साबणाऐवजी भांडी घासायचं लिक्विड चालतं का, हा नेहमीचा प्रश्न. तेल फोडायला चालतं, पण त्यात डिटर्जंट, रंग आणि सुगंध असतात, आणि पातळ पानांच्या कडा त्यानेच करपतात. नाजूक झाडांवर नको.

पीपीएमच्या (दहा लाख भागांत किती भाग) आकड्याबद्दलही बोललं पाहिजे. लेबलावरचा हा आकडा अझाडिरॅक्टिनचा असतो. अळ्या आणि मावा यांच्यासाठी तो महत्त्वाचा ठरतो; कोळ्यावर मुख्य मार तेलाच्या थराने श्वास कोंडण्याचा आहे. त्यामुळे मोठ्या पीपीएमची महाग बाटली घेऊन कोळी जास्त मरत नाहीत. आणि थराने मारायचं म्हटल्यावर जिथे थर पोहोचला नाही तिथला कोळी जिवंत. पान उलटं करून, खालच्या बाजूने, शिरांच्या कडेकडेने, थेंब गळेपर्यंत भिजवायचं. वरून धुक्यासारखा फवारा मारणं म्हणजे नुसतं समाधान.

फवाऱ्याआधी धुणं. हे वगळलं तर तेल अर्धंही काम करत नाही, कारण जाळ्यावर थेंब अडकून राहतात आणि खालचा कोळी कोरडाच राहतो. कुंडीची माती प्लास्टिकच्या पिशवीने झाकून झाड आडवं धरा आणि पानांच्या खालच्या बाजूवर जोराची धार सोडा. रबर प्लांटसारख्या रुंद पानांना ओल्या फडक्याने पुसलं तरी चालेल. फक्त एका झाडाचं फडकं दुसऱ्याला लावू नका. आयव्हीसारख्या दाट वेलीला फवारा पुरत नाही. लहान कुंडी असेल तर माती बांधून, झाड उलटं करून, साबणाच्या द्रावणात बुडवून हलवणं कितीतरी जास्त परिणामकारक. नुसता साबण वापरताना प्रमाण लिटरला १० ते २० मिली. तो ओला असेपर्यंतच मारतो, वाळला की संपलं, आणि अंड्यांवर जवळपास काहीच करत नाही.

गुण आला का हे जुन्या पानांवरून ठरवू नका. कोळ्याने पेशी शोषून पाडलेले फिकट ठिपके भरून येत नाहीत, ते पान गळेपर्यंत तसंच राहणार. नवीन पान बघा. किंवा पांढरा कागद खाली धरून फांदी झटका आणि अर्धा मिनिट थांबा. चालणारे ठिपके दिसले तर ते कोळी. दहापट भिंग असेल तर उत्तम. पानाखालचा पांढरा भुसा बहुतेक वेळा टाकलेली कात असते, त्याला घाबरून उगाच जास्तीचे फवारे मारले जातात.

आता तक्रारी. वास दोन दिवस रेंगाळतो, बंद खोलीत नकोसा होतो. पानावर तेलकट थर साठून त्यावर धूळ बसते, म्हणून शेवटच्या फवाऱ्यानंतर आठवड्याने साध्या पाण्याने धुवावं लागतं. कॅलेथिया आणि नाजूक फर्नच्या कडा तपकिरी पडू शकतात. आधी एकाच पानावर लावून दोन दिवस थांबा. ज्या रसाळ झाडांच्या पानांवर मेणाचा भुरकट थर असतो तिथे हे तेल नकोच, तो थर कायमचा जातो. तीस-बत्तीस अंशांवर, कडक उन्हात किंवा तहानलेल्या झाडावर फवारू नये. गंधक वापरलं असेल तर दोन आठवडे तेल दूर ठेवा, दोन्ही मिळून पानं भाजतात.

दरम्यान कुणी इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही (झाडाच्या रसात भिनणारं) कीटकनाशक सुचवेल. कोळी कीटक नाही, आठ पायांचा प्राणी आहे. ते औषध त्याला मारत नाही, उलट वापरानंतर कोळी वाढल्याची उदाहरणं आहेत.

झाडांचा संग्रह मोठा असेल तर मित्रकोळी, म्हणजे लाल कोळ्याला खाणारा दुसरा कोळी, हा जास्त चांगला पर्याय वाटतो. फायटोसियुलस पर्सिमिलिस झपाट्याने खातो, पण त्याला दमट हवा लागते आणि खाणं संपलं की तोही संपतो. कोरड्या खोलीत निओसियुलस कॅलिफोर्निकस टिकतो. हे दोन्ही सोडण्याआधी पानांवरचं तेल धुऊन काढायला हवं, नाहीतर तेही मरतील. दहा-बारा कुंड्यांसाठी मात्र नीमतेलच परवडतं.

जाळ्याने पूर्ण गुंडाळले गेलेले शेंडे वाचवण्याच्या फंदात पडू नये. तेवढ्या फांद्या कापून पिशवीत बंद करून बाहेर टाका, उरलेल्यावर चार फवाऱ्यांचा क्रम चालवा, आणि शेजारच्या कुंड्यांनाही त्याच दिवशी फवारा; पानाला पान टेकलेलं असेल तर कोळी तिकडे आधीच गेलेला असतो.